चोखणी सोडवायचा आठवडा

सोमवार

बाळ सहा महिन्यांचं होत आलं की घरात चोखणीवरून वाद सुरू होतो. आजीला ती पहिल्यापासून नको असते, आईला तिच्यामुळे दोन घास सुखाने खाता येतात आणि बाबा औषधाच्या दुकानातून आणखी एक चोखणी (सूदर) घेऊन आलेला असतो. वाद मिटवायचा तर आधी वयाचा हिशेब मांडावा.

जन्मल्यावर चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तोंडाला काही लागलं की बाळ चोखतंच. साधारण चौथ्या महिन्यापासून ते हळूहळू त्याच्या इच्छेवर जातं. आठव्या-नवव्या महिन्यात आणखी एक बदल होतो: दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी आहे हे बाळाला कळू लागतं, आणि आई नजरेआड गेली तरी रडू येतं. त्यानंतर चोखणी ही सोबत होते, आणि सोबत सोडवणं जड. म्हणून या दोन टप्प्यांमधला काळ सगळ्यात सोपा. बाळाला सवय असते, पण अजून तिचा लळा लागलेला नसतो.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी झोपताना चोखणी द्यायला हरकत नाही असं म्हणते, उलट तसं सुचवते. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका तिच्यामुळे कमी होताना दिसला आहे. हा धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि सहा महिन्यांनंतर बराच उतरतो. म्हणून घाई करायची ती जागेपणीच्या चोखणीची. झोपेतली सोडवायची ती सहा महिने पुरे झाल्यावर. आणि चोखणी असो वा नसो, बाळाला पाठीवर, घट्ट गादीवर झोपवायचं. मोहरीची उशी आणि लोड पाळण्याबाहेर.

कमी दिवसांचं किंवा वजन न वाढणारं बाळ असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मंगळवार

चोखण्या शोधायला आधी घर झाडून काढावं. बॅगेत एक, गाडीत एक, आजोळी एक, उशीखाली दोन. गोळा करून दोनच ठेवाव्यात, त्याही एकाच डब्यात आणि बाळाच्या नजरेपलीकडे. कपड्याला क्लिपने अडकवलेली चोखणी लगेच काढावी, कारण हाताशी असली की द्यायचा निर्णय कुणी घेतच नाही, ती आपोआप तोंडात जाते.

मग जागेपणी देणं बंद. बाळ कुरकुरलं की क्रमाने बघायचं: भूक, ढेकर, ओली लंगोट, उकाडा, झोप, आणि शेवटी निव्वळ कंटाळा. पाच-सहा महिन्यांचं बाळ एका दमात साधारण दोन ते अडीच तास जागं राहतं. त्यापुढे गेलं की डोळे चोळतं, कान ओढतं, आणि मग काहीही केलं तरी रडतं. चोखणी सोडवताना जो आरडाओरडा होतो, त्यातला बराचसा या उशिरा झोपवण्याचा असतो.

लहान बाळात याची दुसरी बाजू दिसते. भुकेचं रडणं चोखणीखाली दबतं, दूध पाजणं लांबतं, वजन अडतं. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओली होत नसेल तर चोखणी बाजूला ठेवून आधी दूध नीट सुरू करावं. अंगावरचं दूध व्यवस्थित बसेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, ती मुळात देऊच नये हे उत्तम.

गुरुवार, रात्री

खरी परीक्षा झोपेची. दिवसाच्या डुलकीपासून सुरुवात करू नये. रात्री झोपेचा जोर जास्त असतो, म्हणून तिथून सुरू करावं आणि डुलक्या शेवटी घ्याव्यात.

शेवटचं दूध, लंगोट, मंद दिवा, अंगाई, रोज त्याच क्रमाने. मग चोखणी द्यावी आणि बाळाकडे बघत राहावं. सुरुवातीला चोखणं जोरात असतं, मग लय मंदावते, ओठ नुसते फडफडतात. ती काढायची वेळ हीच, गाढ झोप लागण्याआधीची. नुसती ओढली तर तोंडातली पकड आवळते. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून हवा जाऊ द्यावी, चोखणी काढावी, आणि लगेच खालच्या ओठाखाली बोटाने हलकेच दाबून तोंड मिटवून धरावं. बाळ तोंड शोधू लागलं तर मिनिटभर थांबावं. नाहीच शांत झालं तर परत द्यावी, लय मंदावली की पुन्हा काढावी. पहिल्या रात्री हे पाच-सहा वेळाही करावं लागतं. दर रात्री थोडं लवकर काढत गेलं की तीन-चार दिवसांत बाळाला जागेपणी, चोखणीशिवाय खाली ठेवता येतं.

एकदम बंद करण्याची पद्धतही आहे. दोन-तीन रात्री कठीण जातात, पण आठवड्याच्या आत विषय संपतो. ज्या घरात रडणं सोसवतं तिथे हीच बरी. अर्धवट मनाने केली तर मात्र दोन्हींपेक्षा वाईट.

मध्यरात्री बाळ जागं होतं त्याचं कारण साधं आहे. झोपेचं एक चक्र तासाभराच्या आसपास संपतं, तेव्हा बाळ अर्धवट जागं होतं आणि झोप लागताना तोंडात होतं ते शोधतं. स्वतः उचलून तोंडात घालणं सात-आठ महिन्यांपर्यंत जमत नाही, म्हणून आईला उठावं लागतं. अशा वेळी एक-दोन मिनिटं थांबावं, मग छातीवर हात ठेवून थोपटावं, मग उचलावं. दुधाची वेळ झाली असेल तर दूध.

सगळ्यात जास्त घात होतो तो तिसऱ्या रात्री दोन वाजता. अर्धा तास रडल्यावर कुणीतरी डब्यातून चोखणी काढून देतं, आणि अर्धा तास रडलं की मिळते हे बाळाला पक्कं कळतं. पुढच्या रात्री ते तेवढं रडतंच. द्यायचीच असेल तर पहिल्या मिनिटाला द्यावी.

झोळी, मांडीवर हिंदोळे, अंगावर पीत झोपणं यातलं काही बदली म्हणून आणलं तर तेही पुढे सोडवावं लागेल, हे धरून चालावं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र अजिबात नको, कारण नुकतेच फुटलेले दात त्याने किडतात.

शुक्रवार

सहा महिन्यांनंतर कानाचाही मुद्दा येतो. या वयात घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, आणि सतत चोखल्याने घशातला स्राव तिथे जाऊ शकतो. फिनलंडमधल्या एका अभ्यासात (२०००) पालकांना चोखणी फक्त झोप लागेपर्यंत द्यायला सांगितलं, तर त्या बाळांत कानाचे संसर्ग २९ टक्क्यांनी कमी आढळले. दातांची भीती मात्र या वयात उगाच वाढवली जाते. पुढचे दात न मिटणं हा प्रश्न दोन-तीन वर्षांपुढे चालू राहिलेल्या चोखणीचा.

शनिवार

घरगुती उपायांची यादी मोठी आहे आणि जवळजवळ सगळी टाकण्यासारखी. चोखणीला मध लावू नये, आणि गुटीही मधात देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो. कारल्याचा रस, कडुनिंब, मिरी लावणं ही क्रूरता आहे. टोक कापून चोखायची मजा घालवण्याचा सल्ला फिरत असतो, पण कापलेला तुकडा सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. गळ्यात दोऱ्याने बांधणं तर कधीच नाही.

जोवर वापरात आहे तोवर पाण्यात पाच मिनिटं उकळावी, रोज ताणून बघावी, चीर किंवा चिकटपणा दिसला की फेकावी. खाली पडलेली आपल्या तोंडात घालून साफ करण्याची पद्धत बंद करावी, कारण मोठ्यांच्या दात किडवणाऱ्या जंतूंना बाळाच्या तोंडाची वाट त्यातूनच मिळते.

रविवार

मुहूर्त. सरकारी वेळापत्रकात १४ आठवड्यांच्या लसीनंतर पुढची मोठी फेरी नवव्या महिन्यात. खासगीत मध्ये फ्लूची आणि टायफॉइडची लस येते, तो आठवडा सोडावा. सर्दी असेल, प्रवास असेल, उष्टावण असेल तर तोही.

नोकरी करणाऱ्या आईची गोष्ट वेगळी. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, त्यातले आठपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते ती नेमकी याच काळात. चोखणी आणि आई एकाच आठवड्यात काढून घेऊ नये. पूर्ण रजा बाळंतपणानंतर घेतली असेल तर रुजू होण्याच्या तीन आठवडे आधी जागेपणीची सोडवून ठेवावी, आणि झोपेची बाळ पाळणाघरात रुळल्यावर, महिन्याभराने. सांभाळणाऱ्या मावशींना कागदावर लिहून द्यावं: जागेपणी नाही, डुलकीला द्यायची की नाही, किती वेळ थोपटायचं. त्यांच्याकडे चोखणी ठेवूच नये, फारतर एक, तीही डब्यात.

अंगठा सापडला तर सापडू द्यावा. या वयात तो तोंडातून काढत बसण्यात काही अर्थ नाही.