दुपारीच बंद पडणारा गॅस

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी तयार करणारा एक कारखाना आहे. तिथे एप्रिलच्या उन्हात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गॅसचा पुरवठा आपोआप तुटू लागला होता, आणि मला बोलावणे आले ते पुरवठा तोडणारी झडप जोडणीतून कायमची काढून टाकण्यासाठी. हॉटेले, वसतिगृहे आणि कारखाने यांच्या गॅस जोडण्यांची देखभाल करणे हेच माझे काम असल्यामुळे अशी मागणी मला नवीन नाही. मात्र त्या दिवशी जे कारण सापडले आणि ते ज्या तऱ्हेने सापडले, त्याचा विचार अजून मनातून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते की अशा ठिकाणी गॅसचा दाब दोन टप्प्यांत उतरवलेला असतो. 19 किलोच्या टाक्यांच्या दोन रांगा, एक चालू आणि एक राखीव, एका मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या टाक्यांच्या सामाईक पाइपाला, जोडलेल्या असतात. टाकीतला दाब हवामानानुसार बदलतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो दर चौरस सेंटिमीटरला कित्येक किलो असतो. पहिला रेग्युलेटर तो दीड किलोवर आणतो, आणि भिंतीजवळचा दुसरा रेग्युलेटर तो आणखी उतरवून 30 मिलिबारवर, म्हणजे साधारण 300 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका करतो. या दुसऱ्या रेग्युलेटरच्याच अंगात एक स्लॅम शट झडप असते. तिला तिचा स्वतंत्र डायफ्राम (रबरी पडदा), स्वतंत्र स्प्रिंग आणि पुढच्या पाइपातला दाब जोखणारी स्वतंत्र बारीक नळी असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की खटका सुटतो, झडप बसते, एक लहान स्विच दाबला जातो आणि आत स्वयंपाकघरात हूटर वाजतो. ही झडप पुन्हा आपोआप उघडत नाही, आणि ती तशी मुद्दामच बनवलेली असते. माणसाने तिथे येऊन कारण पाहावे आणि मगच हाताने नॉब ओढून ती उघडावी, अशी त्यामागची अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात माणूस येतो, कारण पाहत नाही आणि नॉब ओढतो. या कारखान्यात तेच चालले होते. हूटरच्या आवाजाने बायका घाबरतात म्हणून त्याच्या वायरी सोडवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मालकांचे म्हणणे सरळ होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेला गळतीचा डिटेक्टर एकदाही वाजला नव्हता, वास येत नव्हता, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे कुठेही दिसले नव्हते. मग गळती नसताना गॅस बंद करणारे यंत्र हवेच कशाला? गळतीचा इशारा आणि दाबाचा इशारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणीही समजावून सांगितले नव्हते. डिटेक्टर जे घडून गेले ते सांगतो. स्लॅम शट जे घडू पाहत आहे ते अडवते. जोडणी बसवून देणाऱ्यांनी ही दोन वाक्ये ग्राहकाला सांगितली असती, तर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

माझ्या आधी आणखी एक मेकॅनिक येऊन गेला होता, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. पाडव्याच्या आधी सगळ्या पाइपलाइनला नवा पिवळा रंग दिलेला होता आणि स्लॅम शटच्या स्प्रिंगवरच्या टोपणाच्या कडेने तो रंग तडकलेला होता. टोपण काढल्यावर आतल्या नटाचे आटे पान्याने घासून चकचकीत झालेले दिसले. झडपेवरच्या पट्टीवर 60 मिलिबारची मर्यादा कोरलेली होती. हातपंपाने दाब देऊन तपासले तेव्हा खटका 90 च्याही पुढे गेल्यावर सुटला. म्हणजे झडप वारंवार बंद पडते या तक्रारीवर त्या गृहस्थांनी झडपेलाच अधिक सहनशील करून ठेवले होते. ताप दाखवणारा थर्मामीटर फोडून रोगी बरा झाल्याचे सांगावे, त्यातला हा प्रकार आहे, आणि आमच्या धंद्यात तो सर्रास चालतो. त्यानंतर काही दिवस तक्रार थांबली, ऊन चढले तशी ती परत आली, आणि मग झडपच काढून टाका असा निरोप माझ्याकडे आला.

अशा तक्रारीत दोन संशयित नेहमीचे असतात. पहिला म्हणजे रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे गॅसची वाट मिटते त्या बैठकीवर, बसलेला कचरा. सगळे बर्नर बंद केल्यावर रेग्युलेटरने पूर्ण मिटले पाहिजे. सीटवर कण असेल तर तो किंचित उघडा राहतो आणि पुढच्या पाइपात दाब हळूहळू साचत जातो. हे पाहण्यासाठी मी सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच पोहोचलो, पाण्याच्या उंचीवर दाब मोजणारा काचेच्या नळीचा मॅनोमीटर जोडला आणि सगळे बर्नर बंद ठेवून वाट पाहिली. पाणी 340 मिलिमीटरवर जाऊन स्थिर झाले आणि नंतर जराही चढले नाही. सीट स्वच्छ होती.

दुसरा संशयित म्हणजे ऊन. झडप बंद पडायची ती जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या शेगड्या बंद असताना, आणि पाइप दक्षिणेकडच्या भिंतीवरून उघड्यावर गेलेला. बंद पाइपात कोंडलेला गॅस तापला की त्याचा दाब दर अंशाला साडेतीन मिलिबारच्या आसपास वाढतो. दहा अंश वाढले की 30 चे 65 होतात आणि 60 ची मूळ मर्यादा ओलांडली जाते. हे स्पष्टीकरण इतके चपखल बसत होते की पाइपावर सावली करून आणि साचलेला दाब सोडणारी एक लहान झडप बसवून काम संपवणे सहज शक्य होते.

ते तसे संपले नाही, याचे श्रेय तव्यावर बसणाऱ्या एका मावशींना आहे. कडक भाकरीला जाळ मंद आणि एकसारखा लागतो. भाकरी आधी भाजून घ्यायची आणि मग धीमी आच देत पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. ज्वारीच्या भाकरीचे काम करणाऱ्या बाईला जाळातला फरक कोणत्याही गेजच्या आधी कळतो. त्या मला म्हणाल्या, “दादा, बंद पडायचं ऱ्हाऊ द्या. बारा वाजल्यापासनं जाळ फोफावतोय, चावी बारीक केली तरी भाकरी वरनं करपतीया.” आधीच्या मेकॅनिकलाही हे सांगितले होते का, असे मी विचारले. सांगितले होते, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते.

या एका वाक्याने कोंडलेल्या गॅसचे स्पष्टीकरण मोडीत निघाले. शेगड्या पेटलेल्या असताना गॅस कोंडलेला नसतो, तो वाहत असतो; पाइप कितीही तापला तरी वाहत्या गॅसचा दाब तेवढ्याने वाढत नाही. जळत्या शेगडीवरचा जाळ वाढतो याचा अर्थ खुद्द रेग्युलेटरच जास्त दाब सोडत आहे. म्हणजे सकाळी 30 मिलिबार देणारा रेग्युलेटर दुपारी निराळाच वागत होता.

म्हणून मी दुपारपर्यंत थांबलो. मालकांना विनंती करून सुट्टीतही एक लहान शेगडी चालू ठेवायला लावली, म्हणजे गॅस वाहता राहील, आणि बाहेर मॅनोमीटरसमोर उभा राहिलो. सकाळी पहिल्या शेगड्या पेटल्यावर 300 वर असलेले पाणी अकराच्या सुमारास 400 ओलांडून गेले होते आणि एकनंतर ते 600 च्या वर पोहोचले. रेग्युलेटरच्या बाहेरच्या झाकणाला हात लावता येत नव्हता. मग गोणपाट पाण्यात भिजवून मी फक्त त्या गोल झाकणावर टाकले, पाइप तसाच उन्हात राहू दिला. पाणी थांबले, मग सावकाश उतरू लागले आणि 400 च्या आसपास आले. गोणपाट काढले की ते पुन्हा चढू लागे.

रेग्युलेटरचा डायफ्राम म्हणजे रबराचा एक पडदा. त्याच्या खालून गॅस ढकलतो आणि वरून स्प्रिंग. स्प्रिंगच्या बाजूच्या पोकळीला बाहेर उघडणारे एक बारीक भोक असते आणि त्यावर जाळी बसवलेली असते. पडदा वर-खाली होताना त्या पोकळीतली हवा या भोकातून आत-बाहेर करते. आम्ही त्याला ब्रीदर म्हणतो. ते भोक बुजले की वर अडकलेली हवा हीच दुसरी स्प्रिंग होऊन बसते, आणि ही स्प्रिंग उन्हाने घट्ट होत जाते. हवेचा दाब साधारण 1013 मिलिबार असतो. बंद हवा दहा अंशांनी तापली तर तो सुमारे 3 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 30 मिलिबारांहून थोडा अधिक. रेग्युलेटरचा एकूण दाबच 30 मिलिबारचा, त्यामुळे दहा अंशांच्या उष्णतेने तो दुप्पट होऊ शकतो. पहिल्या टप्प्याच्या रेग्युलेटरचा ब्रीदरही बुजलेला निघाला, पण दीड किलोच्या दाबात एवढीशी भर कोणाच्या लक्षातही येत नाही.

झाकणाच्या कडेला जाळीची जागा हाताने चाचपली तर ती गुळगुळीत लागली. पिवळ्या ऑइल पेंटचा जाड थर जाळीवर बसून काचेसारखा कडक झाला होता. डायफ्राम फाटलेला असेल तर आतून गॅस येईल, म्हणून आधी डिटेक्टर जवळ धरून खात्री केली, मालकांना आणि मावशींना बाजूला उभे केले आणि दाभणाने तो थर टोचला. हवेची बारीक फुंकर बोटाला जाणवली आणि मॅनोमीटरमधले पाणी डोळ्यांदेखत 310 वर येऊन थांबले. आत शेगडीपाशी असलेल्या मुलीने ओरडून सांगितले की जाळ खाली बसला.

कारण सापडल्याचा आनंद मला झाला, हे मी लपवत नाही. पण खरी अस्वस्थता त्यानंतरच्या अर्ध्या तासातली आहे. स्लॅम शटच्या डायफ्रामलाही असाच ब्रीदर असतो. तो मात्र उघडा होता, कारण तो भिंतीच्या बाजूला खाली तोंड करून बसवलेला होता आणि तिथे रंगाऱ्याचा हात पोहोचला नव्हता. तो पोहोचला असता, तर रेग्युलेटरच्या झाकणाखालची हवा आणि स्लॅम शटच्या झाकणाखालची हवा एकाच उन्हात एकदमच तापली असती. दाब जसा वाढला असता तशीच झडपेची मर्यादाही वर सरकत गेली असती, आणि ती कधीच सुटली नसती. स्वतंत्र डायफ्राम, स्वतंत्र स्प्रिंग, स्वतंत्र नळी देऊन जी सुरक्षितता उभी केली आहे, ती रंगाच्या एका हाताने नाहीशी झाली असती. त्यात वर नट आवळून मर्यादा आधीच वाढवून ठेवलेली होती. या बायका जमिनीलगतच्या शेगड्यांपुढे बुटक्या पाटांवर बसतात. दाब वाढला की जाळ बर्नरपासून सुटून वर उचलला जातो आणि विझू शकतो; त्यानंतर न जळताच बाहेर पडणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालीच, त्यांच्या मांडीच्या उंचीवर पसरतो. हवेत तो 2 टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीची वाट पाहतो.

या रेग्युलेटरांच्या बनावटीबद्दलही माझी तक्रार आहे. ब्रीदरची जाळी अंगाशी सपाट ठेवण्यापेक्षा खाली वळलेले अर्ध्या बोटाचे नळकांडे दिले, तर ब्रश सहज तिथे जाणार नाही आणि पावसाचे पाणीही आत शिरणार नाही. वाहतुकीसाठी लावलेली प्लास्टिकची बुचे तशीच राहिलेले रेग्युलेटरही मी पाहिलेले आहेत. देखभालीच्या छापील फॉर्मवर गळती, पाइप, नळ्या, व्हॉल्व्ह या सगळ्यांचे रकाने आहेत, पण ब्रीदरचा रकाना नाही, त्यामुळे तपासणाऱ्याची नजर तिकडे जातच नाही.

त्या संध्याकाळी सगळे ब्रीदर साफ करून त्यांवर खाली तोंडाची नळकांडी बसवली, स्लॅम शटची मर्यादा पुन्हा 60 वर आणून नटाला तार आणि शिशाचे सील लावले आणि हूटरच्या वायरी जोडून तो सर्वांसमोर वाजवून दाखवला. झडप काढून टाकण्याचा विषय मालकांनी स्वतःहून सोडून दिला. मावशींचे म्हणणे आधी ऐकून घेतले असते तर हे पाडव्याच्या आठवड्यातच संपले असते, असे मी त्यांना मावशींच्या देखतच सांगितले.

निघण्यापूर्वी रंगाऱ्याला बोलावून घेतले. मनापासून नीट काम करणारा माणूस. जाळीवर गंज चढू नये म्हणून तिथे रंग जरा जास्तच लावला, असे त्याने सांगितले. ते भोक उघडे ठेवायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. भिंतीकडच्या बाजूला ब्रश जात नव्हता, म्हणून ती जागा दुसऱ्या हाताच्या वेळी लहान ब्रश आणून पुरी करायची त्याने ठरवले होते. तो दुसरा हात अजून बाकी आहे. तो ज्या दिवशी मारला जाईल त्या दिवशी मला कळवावे, मी ब्रीदरांवर कागद बांधायला स्वतः येईन, असे मी मालकांकडून लेखी घेतले आहे.