बर्फाच्या खोलीबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

‘अगं, त्या बर्फाच्या खोलीने फरक पडला का?’ सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, परवा तर साखरपुड्याच्या पंगतीत वरण वाढतावाढता. दीड वर्ष ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

पहिलं म्हणजे क्रायोथेरपीच्या, म्हणजे थंडीने उपचार करण्याच्या, त्या खोलीत बर्फ नसतोच. उणे ११० अंशांची कोरडी हवा असते आणि फार तर तीन मिनिटं उभं राहायचं असतं. १९७८ च्या सुमारास जपानमध्ये तोशिरो यामाउची यांनी हे संधिवातासाठी सुरू केलं. मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार. पोलंडमध्ये एमएसच्या पेशंटवर लहान लहान अभ्यास झाले, त्यांत थकवा कमी झाल्याचं दिसलं. उलट अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये एमएसचं नाव घेऊन बजावलं की पुरेसा पुरावा नाही. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. तेव्हा ‘फसवलं गं तुला’ हे नको. मी डोळे उघडे ठेवून गेले.

गेले ती ऑक्टोबरमुळे. दादरचा पूल चढताना अंग तापलं की माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं आणि पाय लाकडाचे होतात. ऊथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच हे टिपलं होतं. अर्धा अंश ताप चढला तरी पुरतो. मानेवर ओला रुमाल टाकून पंख्याखाली बसलं की धुकं उतरतं. मी हिशेब मांडला: रुमाल एवढं करतो, तर उणे ११० किती करेल? भाबडा हिशेब. तीन मिनिटांत कातडी गारठते, आतलं तापमान जेमतेम हलतं. रुमालाचं काम वेगळं, त्या खोलीचं वेगळं. पण तेव्हाच्या मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीच भांडले असते.

दहा सत्रांचं पॅकेज घेतलं होतं. सातव्या दिवशी स्टेशनपासून चालत गेले, घामाने निथळत. अंग पुसलं, हातमोजे घातले, कानपट्टी बांधली. तिथली मुलगी चांगली होती. तिने विचारलं, ‘ताई, मोजे कोरडे आहेत ना?’ मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, कारण डाव्या पायाने मला तसंच सांगितलं. त्या पायाला चार वर्षांपासून ओलं-कोरडं धड कळत नाही. तीन मिनिटं गाणं वाजलं, मी हसतहसत बाहेर आले. रात्री आई पायाला तेल चोळायला बसली आणि थांबली. दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. सकाळी त्यांवर फोड आले. मला दुखलं काहीच नाही, आई मात्र रडली. धावपटू जस्टिन गॅटलिनचे पाय २०११ मध्ये ओल्या मोज्यांमुळेच पोळले होते, हेही मी वाचलेलं होतं, बरं का.

मी तिथे फोन करून खूप बोलले. मोजे त्यांनी द्यायला हवेत, हात लावून बघायला हवेत. अजूनही तेच म्हणेन. पण फॉर्मवर एक प्रश्न होता: हातापायांत बधिरता आहे का? त्यासमोर मी ‘नाही’वर खूण केली होती. ‘हो’ लिहिलं असतं तर परत पाठवलं असतं, अशी भीती होती. न्यूरोलॉजिस्टनाही मी नंतरच सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

आणि फरक? पडला होता. त्या सहा दिवसांत संध्याकाळी ओट्याशी उभी राहून मी पूर्ण स्वयंपाक केला. एरवी आमटीला फोडणी दिली की स्टूल लागतं. नवरा म्हणतो, त्या आठवड्यात तू एसी लोकलने जात होतीस, दुपारी झोपतही होतीस. असेल. पण कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर उभी असलेली ती मीच होते, हे तो कसं खोडणार?

इंजेक्शन चालू आहे, ते कधीच थांबवलं नव्हतं. पर्समध्ये ओला रुमाल असतो. एका बोटाचं नख अजून वेडंवाकडं येतंय. तीन सत्रांचे पैसे तिथेच अडकलेत. मंगळवारी त्यांचा फोन आला, ‘ताई, मार्चपर्यंत वापरा.’

मी नाही म्हणायला हवं होतं. ‘बघू’ म्हटलं.