अर्धा चुंबक

संस्कृतात लोहचुंबकाला अयस्कांत म्हणतात, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. ‘चुंबक’ हा शब्दही चुंबनाच्याच घरातला. बारशापासूनच असा शृंगार, तेव्हा एखाद्याचं व्यक्तिमत्त्व ‘चुंबकीय’ ठरावं यात नवल नाही. फक्त भाषेने चुंबकाचा अर्धाच गुण उचलला, आणि तोही कमी भरवशाचा.

ओढ ही चुंबकत्वाची कसोटीच नव्हे. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तरी त्यांतली एक साधं लोखंड असू शकते. ढकलू लागल्या, तरच दोन्ही चुंबक. मात्र जोरकस चुंबक दुबळ्याजवळ एकदम नेला, तर दुबळ्याचे ध्रुवच उलटू शकतात आणि प्रतिकर्षणाच्या जागी ओढ दिसते. म्हणून लांबून, सावकाश न्यावा. दोन ‘चुंबकीय’ माणसं एका व्यासपीठावर बसवतानाही हेच पथ्य असावं.

लोखंड ओढलं जातं तेही आधी स्वतः चुंबक होऊन. त्याच्यात सूक्ष्म चुंबकीय प्रदेश असतातच. त्यांची तोंडं दाही दिशांना, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. चुंबक जवळ आला की बरीचशी एका दिशेला वळतात. मराठीतला ‘भारावून जाणं’ हा शब्द इथे ‘आकर्षण’पेक्षा चपखल. चुंबक दूर झाला की मऊ लोखंड बहुतेक सगळं विसरतं. पोलाद विसरत नाही, म्हणून शिवणाच्या सुईचं होकायंत्र होतं. चुंबकाचं एकच टोक नेढ्यापासून अणीपर्यंत घासायचं, उचलून पुन्हा नेढ्याशी आणायचं. असं ३०-४० वेळा. पुढे-मागे घासलं की केलेलं पुसलं जातं. तयार सुई सारखी आपटली, तरी गुण उतरतो. आणि लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, तर त्याचं भारावणंच संपतं.

लांबून खेचण्याची ख्यातीही जरा फुगवलेली. दोन छोट्या चुंबकांमधलं अंतर, त्यांच्या आकाराच्या मानाने मोठं असताना, दुप्पट केलं तर बल सोळाव्या हिश्श्यावर येतं. फ्रिजवरच्या रबरी चपट्या चुंबकाच्या पाठीवर उत्तर-दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आळीपाळीने असतात, त्यामुळे त्याची पोच आणखी तोकडी. कागदांची चळत जरा जाड झाली की तो घसरतो. असे दोन चुंबक पाठीला पाठ लावून पट्ट्यांच्या आडवे सरकवले, तर ते खटखट उड्या मारतात: चिकटतात, ढकलतात, पुन्हा चिकटतात.