बाण दाबला की साप मरतो

टर्मिनलवर चालणारा सापाचा खेळ सी भाषेत लिहितोय. चार रात्री गेल्या, पण त्यातला चोर सापडला एकदाचा! मागच्या वेळी टर्मिओस म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगमधलं आयकॅनन (एंटर दाबेपर्यंत ओळ अडवून ठेवणं) आणि इको (दाबलेलं अक्षर पडद्यावर दाखवणं) बंद करून एंटरपासून सुटका करून घेतली होती. डब्ल्यू-ए-एस-डीवर साप झकास पळत होता. मग हौस आली, बाणांच्या कळा जोडायची. तर बाण दाबला की खेळ खल्लास.

अर्धं कारण लगेच कळलं. वरच्या बाणासाठी टर्मिनल २७, ९१, ६५ असे तीन बाइट पाठवतं. त्यातला २७ म्हणजे खुद्द एस्केप, आणि एस्केपवर मी खेळ बंद करतो. (टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्याला कितीही नावं ठेवा, तिथे कळ वाचणारं ‘गेटच’ फंक्शन आधी ० द्यायचं, मग ७२. भानगड नाही.) म्हणून २७ आला की पोलला (वाचायला काही आलंय का ते सांगणारं फंक्शन) विचारायचं, मागे अजून काही आहे का? ५० मिलिसेकंद थांबून पोल म्हणे, काही नाही. २०० केले, ५०० केले. तेच. शेवटी एस्केपवर बंद होणंच काढून टाकलं, तर पुढची कळ दाबल्यावर ९१ बाहेर पडला. शिळा माल!

स्ट्रेस (प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, काय मागतो ते दाखवणारं साधन) लावल्यावर ट्यूब पेटली. गेटचारकडे (सीचं अक्षर वाचणारं फंक्शन) मागितलं एक अक्षर, पण त्यामागच्या स्टडीआयओ लायब्ररीने तिन्ही बाइट एकाच रीडमध्ये उचलून स्वतःच्या बफरात (तात्पुरत्या साठ्यात) टाकले. पोल बघतो कर्नलकडे, तिथे शुकशुकाट. आयकॅनन बंद केलं की सगळंच बफरिंग गेलं, असं मी धरून चाललो होतो. गेटचार हाकलला, थेट रीड, एकेक बाइट. २५ मिलिसेकंदांत काम फत्ते. घरचे झोपलेले, ओरडताही आलं नाही.

मधल्या काळात टर्मिनल कितीदा मुकं झालं! खेळ संपताना सेटिंग पूर्ववत करायला अ‍ॅटएक्झिट लावलंय, पण कंट्रोल-सीने मारलं की ते चालतच नाही. मग न दिसता स्टीटी सेन (टर्मिनल ताळ्यावर आणणारी आज्ञा) टाइप करा.

‘एनकर्सेस (कळा आणि पडदा सांभाळणारी तयार लायब्ररी) घे की’ म्हणणाऱ्यांनो, त्यातही एस्केपसाठी मुळात १००० मिलिसेकंदांची वाट बघणं आहेच. बदलता येतं, मान्य. पण मला कळ कशी येते तेच बघायचंय.

तरी एसएसएचवर (नेटवर्कवरून दूरच्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर) बाइट सुटे, उशिरा येऊ शकतात, म्हणून एस्केप बाद, क्यूवर बंद करू म्हटलं. आत्ताच करून पाहिलं: साप धावतोच आहे. हे टिपताना कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (देवनागरी मांडणीवर) राहिलेला, क्यूच्या जागी ‘ौ’ गेला! त्याचे बाइट २२४, १६५, १४०. पडद्यावर पहिला आकडा उमटला -३२, कारण माझा ‘चार’ (सीमधला अक्षराचा प्रकार) साइन्ड, म्हणजे १२७ च्या वरचे आकडे उणे धरणारा.

म्हणजे २२४ दिसला की पुढचे दोन बाइट ओढायचे. साप राहू दे बाजूला, देवनागरी टायपिंगचा खेळच करतो. वरून ‘कौ’ पडतोय, तो टाइप करून फोडायचा. फक्त ‘क’ आल्यावर ‘ौ’ची वाट किती बघायची? पुन्हा तेच मिलिसेकंद.