नावाआधीचं टिंब

अमळनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा सगळा हिशेब १९९८ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत एकाच प्रोग्रामवर चालला. फॉक्सप्रो २.६, म्हणजे डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवर नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचा संबंध नाही. तो लिहिणारे सर जळगावचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि ते गेल्यावर त्यांच्या गिऱ्हाइकांची देखभाल माझ्याकडे आली. त्या प्रोग्रामबद्दल मला आजही आदर आहे. भारनियमनाच्या दिवसांत वीज कधीही जायची, इंडेक्स म्हणजे नोंदी शोधायची सूची उडायची, आणि फोनवरून "रिइंडेक्स टाका आणि पाच मिनिटं थांबा" एवढं सांगितलं की काउंटर पुन्हा सुरू व्हायचा. अंकांच्या पट्टीवर हात ठेवला की कॅशियर पडद्याकडे न बघता पावती काढायचा. पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा माणूस, गाडी लावून आत येईपर्यंत त्याची यादी डॉट मॅट्रिक्सवर छापून तयार असायची.

तरी तो बंद करणं भाग होतं. डॉसचे सोळा बिटचे प्रोग्राम बत्तीस बिटच्या विंडोजवर चालतात, चौसष्ट बिटच्या विंडोजवर नाही. विंडोज ११ तर बत्तीस बिटमध्ये निघालीच नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टकडे १९९२ साली गेलं आणि त्याच्या शेवटच्या आवृत्तीचाही सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये थांबला. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून आणखी काही वर्षं रेटता आलं असतं. दुकानाचा स्टॉक असेल तर मीही तसं करून देतो. पण लोकांच्या ठेवी ज्यावर आहेत ते असं टेकू लावून चालवू नये, यावर मी ठाम होतो. शिवाय जुना मदरबोर्ड गेला की दुसरा शोधायला जळगावची दुकानं पालथी घालावी लागत होती, आणि सभासदांना आता पैसे भरल्याचा मेसेज मोबाइलवर हवा होता. ती मागणी रास्तच होती.

तारखेवरून संचालक मंडळात बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं १ एप्रिल. वर्ष नवं, हिशेब नवा. मी विरोध केला. मार्चअखेरीला वसुली, व्याज आकारणी, ताळेबंद, ऑडिटची तयारी हे सगळं एकाच वेळी अंगावर असतं, आणि नेमकं तेव्हा माणसाच्या हातातलं ओळखीचं साधन काढून घ्यायचं हे मला पटत नाही. दसऱ्यानंतर कापूस घरात येऊ लागतो, व्यापाऱ्याचे पैसे होतात, दिवाळीपर्यंत काउंटरला उसंत नसते. त्यामुळे श्रावण बरा. कापूस शेतात उभा, लोकांच्या हातात पैसा कमी, काउंटर रिकामा. मंडळाने ऐकलं आणि ऑगस्टमधला एक शनिवार ठरला.

नवी प्रणाली पुण्याच्या एका कंपनीची, ब्राउझरवर चालणारी. तिची मुलं हुशार आणि कष्टाळू होती. चाचणीसाठी आधी एकदा डेटा नेला तेव्हा नव्या प्रणालीत सभासद जुन्यापेक्षा जास्त भरले. कारण लगेच कळलं. फॉक्सप्रोत डिलीट म्हटलं की नोंद पुसली जात नाही, तिच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त तारा लागतो. पॅक ही वेगळी आज्ञा दिल्याशिवाय ती फाइलमध्येच राहते. कंपनीचं टूल तो तारा वाचत नव्हतं, म्हणून कधीच बंद झालेली खाती पुन्हा उभी राहिली. ते दुरुस्त झालं.

नावांचं काम जास्त किचकट होतं. जुनी मराठी इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणकी संकेतात साठवलेली, नवी युनिकोडमध्ये. त्यात आपल्या ऱ्ह-ऱ्य चा घोळ. अर्ध्या ऱ चं ते अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण शोध घेताना संगणकाला ते वेगळे. त्यामुळे बऱ्हाटे आडनावाचे निम्मे सभासद शोधले तर सापडत आणि निम्मे सापडत नसत. सगळी नावं एका पद्धतीत आणण्यासाठी कंपनीने नावं स्वच्छ करणारा एक टप्पा घातला. जास्तीच्या मोकळ्या जागा, चिन्हं, नको ती अक्षरं काढायची आणि नाव फक्त नाव ठेवायचं. ऐकायला योग्यच वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी जुन्या प्रोग्रामवर शेवटचं डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, झालं. बॅकअप दोन ठिकाणी घेतला. रात्रीतून डेटा गेला आणि रविवारी सकाळी आम्ही पडताळणीला बसलो. रोजकीर्द, खतावणी, आणि सगळ्या खात्यांच्या बाकी जुळवणारी तेरीज. भाग भांडवल, बचत ठेव, मुदत ठेव, कर्ज येणे, सगळ्या बाकी पैशाला पैसा जुळल्या. दुपारपर्यंत फोनवर पुण्याच्या मुलाने अभिनंदन केलं. सोमवारी सकाळी दहाला नारळ फोडायचा होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

संस्थेत अण्णा आहेत. लेखापाल, निवृत्तीला काही महिने राहिलेले. १९९८ साली पहिलं खातं संगणकात त्यांनीच भरलं होतं. तेरजेचे कागद त्यांनी बाजूला सारले आणि मुदत ठेवीदारांची यादी नावाच्या क्रमाने छापून मागितली. जुनीही आणि नवीही. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या, जुन्याच्या पहिल्या पानावर बोट फिरवलं, मग नव्याच्या.

"भाऊ, टिंब कोठे गयात?" अण्णांनी अहिराणीत विचारलं.

मी म्हटलं, कोणती टिंबं?

"तेरीज पैसाले पैसा जुळनी. पन हाई यादी मन्ही नही."

जुन्या यादीत सुरुवातीच्या नावांआधी पूर्णविरामासारखं एक टिंब होतं. काहींच्या आधी दोन. हा प्रोग्राम वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेला होता. सोर्समध्ये टिंबाचा उल्लेख नव्हता, कारण ते प्रोग्रामचं नव्हतंच. ते काउंटरवरच्या माणसांचं होतं. जुन्या प्रोग्रामात ठेव तारण असल्याची खूण करायला रकाना नव्हता. म्हणून अगदी सुरुवातीला कुणीतरी युक्ती काढली की ज्या ठेवीवर कर्ज दिलंय त्या नावाआधी टिंब टाकायचं. टिंब अक्षरांच्या आधी लागतं, त्यामुळे अशी सगळी नावं यादीत आपोआप वर येतात. दोन टिंबं म्हणजे वारसांचा वाद, किंवा कोर्टाची मनाई. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी तोंडी सांगायचं, टिंब दिसलं की साहेबांना विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बस्स. लिहून कुठेच ठेवलेलं नाही. आणि नावं स्वच्छ करणाऱ्या टप्प्याने ही सगळी टिंबं कचरा समजून काढून टाकली होती.

तेरजेला हे कळणं शक्यच नव्हतं. तेरीज रकमा जुळवते. कुठली रक्कम कुणाला द्यायची नाही, हे तिच्यात नसतं.

पहिल्यांदा मला वाटलं, तारण ठेवीची मूळ पावती संस्थेच्याच ताब्यात असते, मग घाई कसली? पण नव्या प्रणालीत मुदत संपली की रक्कम व्याजासह आपोआप बचत खात्यात जमा होते आणि सभासदाला मेसेज जातो. जुन्या पद्धतीत पावती हातात घेतल्याशिवाय पैसे हलत नव्हते, म्हणून टिंब आणि कागद मिळून राखण होत होती. नवीत कागद लागणारच नव्हता आणि टिंबही गेलं होतं. सोमवारी सकाळी डे बिगिन करून प्रणालीत दिवस सुरू केला असता तर त्या दिवशी मुदत संपणाऱ्या तारण ठेवी मोकळ्या झाल्या असत्या आणि त्यांच्यावरचं कर्ज विनातारण उरलं असतं. दोन टिंबांच्या खात्यांत तर एका भावाने काढलेले पैसे दुसऱ्याला कुठून आणून देणार?

चेअरमन आप्पांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "पत्रिका वाटाई गयात भाऊ. आते काय सांगू लोकस्ले?" त्यांची अडचण खरी होती. मी सांगितलं, उद्घाटन होऊ द्या, भरणा होऊ द्या, पिग्मी होऊ द्या, बचतीतून पैसे द्या. फक्त मुदत ठेवीची आपोआप जमा बंद ठेवायची आणि यादी पुरी होईपर्यंत मुदत ठेवीचं एकही पेमेंट करायचं नाही. आप्पांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी मान हलवली आणि ठरलं. पुण्याच्या मुलाने पंधरा मिनिटांत तो पर्याय बंद करून दिला.

टूल पुन्हा चालवून टिंबं परत आणणं सोपं होतं. कंपनीने तेच सुचवलं. मला ते नको होतं. नव्या प्रणालीत लीनचा, म्हणजे ठेवीवर संस्थेचा तारणाचा हक्क नोंदवायचा, स्वतंत्र रकाना आहे, तो भरला की पेमेंट अडतं आणि कारणही पडद्यावर येतं. मग टिंबावर का थांबायचं? पण रकाना भरायचा तर प्रत्येक टिंबामागचा कागद पाहायला हवा. लोखंडी कपाटातून ठेवतारण कर्जाची दप्तरं निघाली, लाल फडक्यात बांधलेली. अण्णा पावती क्रमांक वाचत, कॅशियर कर्ज खात्याची बाकी सांगे, मी लीन भरत असे.

तिथे जे निघालं ते मला अजून आठवतं. एका विधवा बाईंच्या ठेवीवर टिंब होतं, पण कर्जाची बाकी शून्य. विहिरीच्या मोटारीसाठी घेतलेलं कर्ज त्यांनी केव्हाच फेडलं होतं. टिंब काढायचं राहिलं. दर मुदतीला काउंटरवरचा माणूस टिंब बघायचा आणि पैसे देण्याऐवजी ठेव पुढे वाढवून द्यायचा. बाईंनी कधी तक्रार केली नाही, संस्थेने कधी कर्जाची बाकी पाहिली नाही. अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि पुढच्या पावतीकडे लगेच गेले नाहीत. मग तो क्रमांक वेगळ्या कागदावर लिहिला आणि वर गोल केला. त्याच आठवड्यात बाईंना निरोप गेला.

उलटंही निघालं. दप्तरात तारण पावती आहे, कर्ज चालू आहे, पण नावाआधी टिंब नाही. जुन्या प्रोग्रामात नावाचा रकाना ठरावीक लांबीचा. नाव मोठं असलं आणि पुढे टिंब घातलं की शेवटचं अक्षर तुटायचं, पासबुकावर आडनाव अर्धवट छापलं जायचं. सभासदाने आक्षेप घेतला असेल, कुणीतरी टिंब काढून आडनाव पूर्ण केलं. म्हणजे नवी प्रणाली आली नसती तरी ती ठेव उघडीच होती. जुनं ते सुरक्षित असं म्हणणाऱ्या संचालकांना मी ही पावती मुद्दाम दाखवली.

काम मध्यरात्रीनंतरही चाललं आणि सोमवारी काउंटर बंद झाल्यावर पुन्हा बसून पुरं केलं. मुदत ठेवीची पेमेंटं बुधवारी सुरू झाली.

सोमवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. ब्राउझरवर पहिल्या दिवशी रांग हळू सरकली. कॅशियरचा हात जुन्या की शोधत होता, मध्ये एकदा लाइनही गेली. मी कंपनीकडे हट्ट धरून भरण्याच्या पडद्यावर माउसशिवाय सगळं होईल असं करून घेतलं. काउंटरवर रोज उभं राहणाऱ्याची सवय हा वेगाचा अर्धा भाग असतो, आणि त्याला "शिका आता" म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. जुना प्रोग्राम एका मशीनवर ठेवलाय, नोंदीचे सगळे पर्याय मेनूतून काढून. जुनी खतावणी बघता येते, बदलता येत नाही.

त्या रविवारनंतर अण्णांनी एका वहीत सगळ्या खुणा लिहून काढल्या. खुणा फक्त टिंबांच्या नव्हत्या. नावामागे तारा म्हणजे सही जुळत नाही. पत्त्याच्या शेवटी अधिकचं चिन्ह म्हणजे सभासद सुरतेला गेला, नोटीस भावाच्या घरी द्यायची. सर असते तर त्यांनाही हे नवीन वाटलं असतं. वही संस्थेच्या ठरावाने दप्तरात दाखल झाली आणि तिची एक प्रत पुण्याला पाठवली. कंपनीने नावं स्वच्छ करण्याच्या टप्प्यात बदल केला. आता टूल चिन्ह काढून टाकत नाही, वेगळी यादी करून विचारतं.

पारोळ्याला अशाच प्रोग्रामवर चालणारी आणखी एक संस्था आहे. तिचं काम हाती घेतलंय. अण्णा आता निवृत्त आहेत, पण यादी वाचायला ते सोबत येणार आहेत. मानधन घ्यायचं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.