लाकडी हात, नोंद चौथी: तळवा मनगटात वळत नाही

मी लाकडाचा, सांध्यांत हलणारा हात कोरतोय; मागच्या नोंदीत त्याचा खांदा अडकून पडला होता. उखळीचा सांधा म्हणून मी उखळ चांगली खोल कोरली, तर हात आडवा व्हायच्या आधीच काठाला लागायचा. शेवटी वाटीची बशी केली. खऱ्या खांद्यातही गोळा मोठा आणि खोबण उथळच असते. धरून ठेवायचं काम स्नायू आणि अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे) करतात. माझ्याकडे ते काम परकराचं इलॅस्टिक करतंय. चाललंय.

या खेपेला कोपर. बिजागरीचा सांधा, एका रविवारचं काम म्हणून बसलो आणि तीन आठवडे गेले.

बिजागरी खरंच सोपी निघाली. दंडाच्या हाडाचं टोक रिळासारखं, त्यावर करंगळीच्या बाजूच्या हाडाचा, म्हणजे अल्नाचा आकडा बसतो. पांगारा मऊ असल्यामुळे रीळ पटकन कोरलं, मधून सायकलचा स्पोक घातला. घोळ झाला तो तळव्याचा. तो पालथा-उताणा व्हावा म्हणून मी मनगटात एक स्क्रू टाकून दिला. पंजा पंख्यासारखा गरगरायला लागला. भाची म्हणाली, "मामा, याचा हात मोडलाय का?"

मग स्वतःचाच हात पाहिला. मनगटाच्या जरा वर दुसऱ्या हाताने घट्ट धरा आणि तळवा वळवून बघा, जेमतेम हलतो. मनगट वर-खाली आणि डावी-उजवीकडे वाकतं. पीळ येतो तो कोपर ते मनगट या भागातून. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जरा मागे बोट ठेवून हात पालथा-उताणा करा. बोटाखाली काहीतरी गोल फिरताना लागेल. ते अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, रेडियसचं डोकं. हात उताणा असताना दोन्ही हाडं समांतर असतात, पालथा केला की रेडियस अल्नावर तिरपं चढतं.

म्हणजे एकाच कोपरात बिजागरी आणि शिवाय खुंटीचा सांधा! रेडियसची चकती अस्थिबंधाच्या कड्यात फिरते. मानेतही हाच प्रकार, पण उलटा: तिथे दुसऱ्या मणक्याची खुंटी जागेवर राहते आणि पहिल्या मणक्याचं कडं तिच्याभोवती फिरतं.

कडं आधी तांब्याच्या तारेचं केलं. तारेने चकतीला चर पाडला. आता जुन्या कोल्हापुरीची वादी तेल लावून बसवली आहे, छान फिरते.

जाता जाता: कोपर वाकवून उजव्या हाताने स्क्रू आवळताना दंडाची बेटकुळी टणक होते बघा. तो स्नायू रेडियसलाच जोडलेला असतो, कोपर वाकवतो आणि तळवा उताणाही करतो. म्हणून उजव्या हाताने आवळताना जोर जास्त मिळतो, सोडवताना कमी.

मनगटाच्या आठ हाडांचा सध्या एकच ठोकळा ठेवलाय, तेवढा धीर नाही. पुढे अंगठ्याचा खोगीर सांधा. त्याआधी हात पुरता उताणा होताना 'कट्' वाजतं, ते शोधायचंय. माझा संशय स्पोकवर आहे.