फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांकच ना?

शाळेत फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक शिकलो, मग हृदयाच्या रिपोर्टात, रेडिएशनच्या कागदावर आणि रसायनाच्या बाटलीवर तोच शब्द कसा? हे बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

मूळ लॅटिन क्रियापद 'फ्रांगेरे', म्हणजे तोडणे. हाडाचं फ्रॅक्चर त्याच कुळातलं. संस्कृतातलं 'भिन्न' म्हणजेही फुटलेलं, आणि अरबीत अपूर्णांकाला 'कस्र' म्हणतात तेही मोडणंच. आपली 'कसर' तिथूनच आली. मराठी 'अपूर्णांक' मात्र तुकडा न बघता उणीव बघतो आणि फसतो: ६/३ हा अंशाधिक अपूर्णांक, पण किंमत पुरती २.

गणितात छेद सांगतो की एकाचे किती समान भाग केले, अंश सांगतो त्यातले किती घेतले. १/२ + १/३ = २/५ ही नेहमीची चूक. २/५ तर १/२ पेक्षाही लहान, मग मिळवून कमी कसं झालं? तुकडे वेगवेगळ्या मापाचे असताना नुसते मोजले, म्हणून. आधी माप एक करा: ३/६ + २/६ = ५/६.

हृदयाच्या रिपोर्टातलं 'इजेक्शन फ्रॅक्शन' हेही असंच गुणोत्तर. डाव्या जवनिकेत (शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात) १२० मिली रक्त भरलं, आकुंचनानंतर ५० उरलं, तर बाहेर गेलं ७०. ७०/१२० म्हणजे सुमारे ५८ टक्के. साधारण ५५ ते ७० ठीक मानतात. '६०' वाचून 'शंभरापैकी साठच?' म्हणून धास्तावू नका; निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही. उलट खरी मेख छेदात असते. ताठरलेल्या जवनिकेत ८० मिलीच भरलं आणि ४८ बाहेर गेलं, तरी आकडा ६० टक्केच. म्हणून आकडा चांगला असूनही दम लागू शकतो.

रसायनात अनेकदा अंश-छेद नसतात. कच्चं तेल तापवून उत्कलनबिंदूच्या टप्प्यांनुसार वेगळं केलेलं पेट्रोल, केरोसीन, डिझेल ही त्याची फ्रॅक्शनं, आणि प्रत्येक पुन्हा मिश्रणच. अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) बाटलीवरचं 'फ्रॅक्शन ५' म्हणजे पाचवा हिस्सा नव्हे. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांच्या १९४० च्या दशकातल्या पद्धतीत इथेनॉल वापरून रक्तद्रवातले घटक टप्प्याटप्प्याने वेगळे करत. त्यातला हा पाचव्या क्रमांकाचा. मोल फ्रॅक्शन, म्हणजे मिश्रणातल्या एकूण मोलांपैकी (कणांच्या संख्येपैकी) एका घटकाचा वाटा, हे मात्र गुणोत्तरच: एकक नाही, सगळ्यांची बेरीज १.

रेडिएशनमध्ये फ्रॅक्शन म्हणजे एका बैठकीचा डोस. '५० ग्रे, २५ फ्रॅक्शन' म्हणजे २५ वेळा, दर वेळी २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक). डोस तोडतात तो मधल्या वेळात निरोगी पेशींना डागडुजी करता यावी म्हणून. त्यामुळे दोन कागदांवरचे नुसते एकूण आकडे ताडून पाहू नयेत. '४० ग्रे, १५ फ्रॅक्शन' म्हणजे उपचार सौम्य असं नाही. तिथे दर वेळचा डोस सुमारे २.६७ ग्रे आहे.